मैदानावरचें पुढारपण

शाळेचा विषय निघाला कीं आपल्यासारख्या पांढरपेशा घरांतून प्रथम गणिताच्या शिक्षकाची चौकशी होते, मग इंग्रजीच्या, मग शास्त्र शिकविणाऱ्याची. व्यायामशिक्षकाचें नांव मात्र वर्ष संपलें तरी पुष्कळ पालकांना ठाऊक नसतें. मुलें त्यांना ‘पीटीचे सर’ म्हणतात, आणि घरांतील वडील मंडळीहि तेवढ्यावर समाधान मानितात. वस्तुतः सबंध शाळेला एका शब्दानें थांबविणारा आणि एका शब्दानें चालविणारा दुसरा माणूस शाळेंत नसतो. मुख्याध्यापकांचा अधिकार कागदावर असतो. याचा अधिकार मुलांना डोळ्यांनीं दिसतो. पुढारी कसा असतो व त्याच्या मागून कसें चालावयाचें, याचा पहिला धडा आपलीं मुलें नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत शिकत नाहींत. तीं तो मैदानावर शिकतात. हा धडा त्यांना चांगला मिळतो कीं वाईट, याकडे घरांतील जाणत्या माणसांचें लक्ष असावें, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

आम्ही संस्कृताचे शिक्षक. संस्कृत शिकविणाऱ्यानें कवायतीच्या भानगडींत कां पडावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सोपें आहे. अकोला व अमरावती या दोन जिल्ह्यांतील निरनिराळ्या शाळांतून आमची नोकरी झाली, आणि शिक्षकांच्या खोलींत आमची खुर्ची बहुधा व्यायामशिक्षकाच्या शेजारीं असे. दोघांचें दैव एकच. दिवाळीनंतर दहावीचा अभ्यास मागें राहिला कीं गणिताचा किंवा शास्त्राचा शिक्षक जो तास ‘उसना’ मागतो, तो आमचा तरी असतो, नाहीं तर त्याचा. असा उसना नेलेला तास परत आल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. समदुःखी माणसांची मैत्री लवकर जमते, व त्या मैत्रीमुळें एका उपेक्षित माणसाचें काम आम्हांस जवळून पाहावयास मिळालें.

हें काम म्हणजे शिट्टी फुंकणें आणि चेंडू देणें, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षांत व्यायामशिक्षक हा शाळेचा एक कारभारीच असतो. आमच्याकडील मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यांत ती पायाला अशी चिकटते कीं मूल जणूं दगड बांधून चालत आहे. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, आणि त्यांत पाऊल अडकून घोटा मुरगळतो. तिच्यावर मुरूम टाकून घ्यावयाचा तर संस्थेच्या चिटणिसांकडे चार खेटे घालावे लागतात. मग सामन्यांचे दिवस येतात. आधीं तालुका, मग जिल्हा, मग विभाग. आणि विभाग म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम असे पांच जिल्हे. बारा-पंधरा मुलें घेऊन एस्. टी. नें जावयाचें, वयाचे दाखले, पालकांच्या सह्या, डबे, पाणी, औषधाची पेटी, सारें बरोबर. रात्रीं परतल्यावर शेवटचें मूल घरीं पोंचेपर्यंत त्याला झोंप नाहीं. खेळाडूंना परीक्षेंत मिळावयाच्या सवलतीच्या गुणांचे कागद त्यानेंच धाडावयाचे. स्वातंत्र्यदिनीं ध्वजाची दोरी अडकली तर पाहुण्यांसुद्धां सर्वांच्या नजरा त्याच्याकडेच वळतात. इतका व्याप सांभाळणाऱ्या माणसाचें वागणें कसें असतें, हा प्रश्न किरकोळ नव्हे.

या कामाला आमच्या वऱ्हाडांत मोठी परंपरा आहे. अमरावतीस १९१४ सालीं अनंत कृष्ण वैद्य व अंबादास कृष्ण वैद्य या बंधूंनीं जो आखाडा सुरू केला, त्याचेंच पुढें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. बर्लिन येथें १९३६ सालीं ऑलिंपिक सामने भरले, त्या प्रसंगीं या मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. वऱ्हाडांतील एका जिल्ह्याच्या गांवांतून, सरकारी आधारावांचून उभ्या राहिलेल्या संस्थेची मुलें त्या काळीं समुद्रापलीकडे गेलीं, ही सामान्य गोष्ट नव्हे. इकडे मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानें १९३७ सालीं स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखालीं शारीरिक शिक्षणाची समिति नेमली, आणि १९३८ सालीं कांदिवली येथें व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. अमरावतीच्या मंडळाचें शारीरिक शिक्षणाचें पदवी महाविद्यालय १९६७ मधलें. तेथें शिकून गेलेले शिक्षक वऱ्हाडांतील कितीतरी शाळांतून आढळतात.

परंतु आखाडा आणि शाळेचें मैदान यांत एक मोठा भेद आहे, आणि आमच्या मतें पुढारपणाचा सारा प्रश्न त्या भेदांत आहे. आखाड्यांत मूल आपण होऊन जातें. उस्ताद त्याच्या अंगाला हात लावून पाहतो, चार दिवस त्याला नुसती हौद्यांतील माती खणावयास लावतो, आणि मग त्याच्या ताकदीप्रमाणें जोर-बैठकांचा हिशेब बांधून देतो. एकेका शागिर्दाची प्रकृति त्याला आईसारखी ठाऊक असते. शाळेंत पन्नास-साठ मुलें घंटेबरोबर रांगेंत उभीं राहतात. त्यांत कोणी पैलवानाचा नातू असतो, कोणी सकाळपासून उपाशी असतो, कोणाला दम्याची व्यथा असते, आणि कोणाला धांवण्यापेक्षां हंसें होण्याची भीति अधिक असते. पस्तीस-चाळीस मिनिटांत या सर्वांना एकच हुकूम द्यावयाचा असतो. समुदायाला हुकूम देऊन प्रत्येकाची प्रकृति जाणणें, हें या शिक्षकाचें खरें कसब.

कवायतीचा हुकूम वाचकांनीं कधीं लक्षपूर्वक ऐकला आहे काय? ‘दाहिने... मूड!’ याचे दोन भाग असतात. पहिला भाग लांबवून उच्चारतात. त्यानें काय करावयाचें आहे तें कळतें. मग क्षणभर थांबतात. दुसरा भाग तुटक व जोरानें येतो. त्यावर कृति होते. सारी कला मधल्या विरामांत आहे. नवशिक्याला तो पुरला पाहिजे, आणि सरावलेल्याला त्याचा कंटाळा येतां कामा नये. जो शिक्षक पहिला भाग गिळून नुसतें ‘मूड’ म्हणून ओरडतो, त्याच्या रांगेंत अर्धीं मुलें उजवीकडे व अर्धीं डावीकडे वळतात आणि एकमेकांवर आदळतात. मग त्यांनाच शिक्षा होते. चूक हुकुमाची आणि दंड मुलांना! आपल्या मराठी वाक्यांतहि क्रियापद बहुधा शेवटींच येतें. ऐकणाऱ्याला आधीं कर्ता व कर्म कळावें, मग क्रिया, अशी ती सोय आहे. ती व्याकरणांत आहे, तशी अधिकार चालविण्यांतहि असावी.

आम्हीं जे व्यायामशिक्षक पाहिले, त्यांचे स्थूलमानानें तीन मासले सांगतां येतील. पहिला छडीचा. याच्या मैदानावर टाचणी पडली तरी ऐकूं येते. शाळेला बाहेरून पाहणारा त्याची वाखाणणी करतो. पण तो रजेवर गेला कीं त्याच रांगा दोन मिनिटांत विस्कटतात, कारण शिस्त मुलांच्या अंगीं बाणलेली नसून छडीच्या टोंकावर उभी असते. दुसरा चषकाचा. याला शाळेंतील बारा मुलें ठाऊक असतात. उरलेलीं पांचशें त्याच्या दृष्टीनें टाळ्या वाजविण्यासाठीं असतात. काचेच्या कपाटांत ढाली वाढत जातात, मुख्याध्यापक वार्षिक अहवालांत त्याचें नांव घेतात, आणि मैदानाच्या कडेला बसणाऱ्या मुलांची संख्या कोणी मोजीत नाहीं. तिसरा वहीचा. याच्या नोंदी निर्दोष असतात; वजन, उंची, उपस्थिति, सारें जेथल्या तेथें; मैदानावर मात्र चेंडू टाकून तो झाडाखालीं बसतो. या तिघांनाहि आम्ही सर्वस्वी दोष देत नाहीं. धोक्याच्या वेळीं छडीवाल्याचा आवाज कामास येतो, चषकवाल्यामुळें गुणी मुलाला वाट मिळते, आणि वहीवाल्याच्या नोंदींवांचून कोणालाहि सवलतीचे गुण मिळावयाचे नाहींत. दोष आहे तो एकाच गुणावर सारें मैदान चालविण्यांत.

या विषयाचें पुढें रीतसर शास्त्र झालें आहे, आणि त्याचा पाया घालण्यांत आपल्याच देशांतील एका माणसाचा मोठा हात आहे. मद्रासेकडे व्यायामशिक्षणाचें अध्ययन करून नंतर कॅनडांत गेलेले पॅकियनाथन चेल्लादुराई यांनीं सालेह नांवाच्या सहकाऱ्याबरोबर १९८० सालीं क्रीडाशिक्षकाचें पुढारपण मोजण्याची एक प्रश्नावलि सिद्ध केली. तींत चाळीस विधानें असून त्यांचीं पांच अंगें आहेत : शिकविणें, मुलांचें मत घेणें, स्वतःच्या अधिकारानें हुकूम करणें, मुलांच्या सुखदुःखाची काळजी वाहणें, आणि चांगल्या कामाची शाबासकी देणें. चाळिसांपैकीं तेरा विधानें शिकविण्याचीं, नऊ मत घेण्याचीं, आठ काळजीचीं. हुकुमाचीं व शाबासकीचीं अवघीं पांच-पांच. आपण मात्र व्यायामशिक्षक म्हटला कीं त्या पांच हुकुमांचाच विचार करतों. याहून मौजेची गोष्ट ही कीं, तीच प्रश्नावलि तीन प्रकारें विचारतात. शिक्षकानें कसें वागावें असें मुलांना वाटतें, तो कसा वागतो असें मुलांना दिसतें, आणि आपण कसे वागतों असें शिक्षकाला स्वतःला वाटतें. हीं तीन उत्तरें शेजारीं शेजारीं मांडलीं म्हणजे पुष्कळांचे डोळे उघडतील. आमच्या ओळखीचे किती तरी कुटुंबप्रमुख या तीन प्रश्नांना धीरानें सामोरे जातील कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे!

परंतु पुढारपणाचें मर्म सांगावयास आम्हांस इतक्या दूर जाण्याचें कारण पडत नाहीं. शाळांच्या भिंतींवर शरीराविषयींचें कालिदासाचें एक संस्कृत वचन मोठ्या अक्षरांनीं रंगविलेलें असतें. तें सर्वांस पाठ आहे. तें कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगीं बोलतो, हें फारसें कोणी सांगत नाहीं. कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत पार्वती घोर तप करीत असतां शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषानें तिच्या आश्रमांत येतात आणि तिची विचारपूस करतात. समिधा, दर्भ सहज मिळतात ना? स्नानाला पाणी चांगलें आहे ना? आणि मग विचारतात कीं, तूं आपल्या शक्तीच्या मानानें तप करतेस ना? या प्रश्नाला जोडून तें प्रसिद्ध वचन येतें. म्हणजे ज्या वचनाचा आधार घेऊन आम्ही मुलांना उन्हांत पळवितों, तें मुळांत पळविण्यासाठीं नाहींच. तें थांबून विचारण्यासाठीं आहे. वैद्यकांतहि हेंच. सुश्रुत व वाग्भट दोघेहि अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा असें सांगतात. वाग्भट तर हिंवाळा व वसंत सोडून इतर ऋतूंत त्याहूनहि कमी करण्यास सांगतो. मे महिन्यांत अकोल्याचा पारा देशांतील सर्वांत तापलेल्या गांवांच्या पंक्तीस जाऊन बसतो. अशा मुलखांत उन्हाळी शिबिर घेणाऱ्यानें हें सूत्र ध्यानांत ठेवलें पाहिजे. अर्धी शक्ति म्हणजे सर्वांची सारखी नव्हे. पैलवानाच्या नातवाचें अर्धें वेगळें आणि दम्याच्या मुलाचें अर्धें वेगळें. तें अर्धें ओळखण्यास विचारावें लागतें, आणि विचारावयाचें तर नांव ठाऊक असावें लागतें.

या बाबतींत आमच्या पाहण्यांतील एक प्रसंग सांगतों. एका शाळेंत सातवींत एक स्थूल मुलगा होता. घर मोठें, एकत्र. आजी, दोन काका, चुलत भावंडें. तेथील व्यायामशिक्षक चषकवाले. त्यांनीं पहिल्याच आठवड्यांत मुलाला एक टोपणनांव दिलें. त्यांच्या मनांत कांहीं वाईट नसावें. रांग हंसली, त्यांनाहि बरें वाटलें. पण तें नांव त्यांच्या तोंडून निघालें म्हणून सबंध वर्गाला तें उच्चारण्याचा परवाना मिळाला. महिन्याभरांत मुलाचें खरें नांव कोणी घेईना. पुढें दर शनिवारीं सकाळीं, म्हणजे सांघिक कवायतीच्या दिवशीं, त्याचें पोट दुखूं लागलें. आजीनें ओवा दिला, हिंग लावला. डॉक्टरांनीं तपासून कांहीं नाहीं म्हणून सांगितलें. पुढल्या शनिवारीं पोट पुनः दुखलें. शेवटीं वडिलांनीं ठरविलें कीं, डॉक्टरांचें सर्टिफिकेट आणून मुलाला मैदानापासून कायमचा मोकळा करावा. मुलगा आनंदला. तेवढ्यावर प्रकरण संपलें असतें, आणि तो मुलगा जन्मभर आपल्या शरीराला लाजत राहिला असता.

दैवयोगानें त्याच सुमारास ते शिक्षक बदलून गेले व दुसरे आले. नवे गृहस्थ आवाजानें बारीक, अंगानें किरकोळ. मुलें प्रथम त्यांना मोजीनात. सर्टिफिकेटाचा कागद हातीं येतांच ते संध्याकाळीं त्या घरीं गेले. वडिलांना म्हणाले, “कागद माझ्याजवळ राहूं द्या. पंधरा दिवस मुलगा मला द्या. तेवढ्यांत त्याला कोणाच्या देखत धांवावयास सांगणार नाहीं, हा माझा शब्द.” आजीनें विचारलें, “मग काय सांगाल, सर?” “काम सांगेन,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा इतरांच्या आधीं दहा मिनिटें मैदानावर जाऊं लागला. खो-खोच्या मैदानाला फक्की मारावयाची, दोरी धरून रेघ सरळ आहे कीं नाहीं पाहावयाचें. त्या रेघांवरून जातां-येतां तो किती चालला, हें त्याच्या ध्यानींहि आलें नाहीं. शिक्षक त्याला पुऱ्या नांवानें हांक मारीत, तीहि सर्वांना ऐकूं जाईल अशी. आठ दिवसांत रांगेंतील मुलें तेंच नांव घेऊं लागलीं; नियम केला नाहीं, ताकीद दिली नाहीं. पुढें स्नेहसंमेलनांत रस्सीखेंच झाली, तेव्हां त्यांनीं त्याला दोराच्या शेवटीं उभें केलें. रस्सीखेंचींत सर्वांत भरंवशाचा गडी शेवटींच असतो, हें मुलांना सांगावें लागत नाहीं.

तो मुलगा पुढें मोठा खेळाडू झाला असें सांगितलें तर गोष्ट रंगतदार होईल, पण तसें झालें नाहीं. तो शरीरानें स्थूलच राहिला आणि कोणतेंहि पदक त्यानें मिळविलें नाहीं. शनिवारचें पोट दुखणें मात्र थांबलें, आणि तें सर्टिफिकेट शिक्षकांच्या खणांत वर्षभर तसेंच पडून होतें, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

त्याच शिक्षकांची आणखी एक गोष्ट. खो-खोच्या संघांत नववींतील एक चपळ मुलगी होती; सामने परगांवीं, आणि घरांतून नकार. आपल्या घरांतून मुलींचा खेळ साधारण याच वयांत सुटतो, हें वाचकांस सांगावयास नको. त्यांनीं वाद घातला नाहीं, स्त्रीशिक्षणावर व्याख्यान दिलें नाहीं. शाळेंतील एका शिक्षिकेला बरोबर घेऊन ते गेले आणि कोणत्या गाडीनें जाणार, कोठें उतरणार, बरोबर कोण असणार, हें एका कागदावर लिहून त्यांनीं आजीबाईंच्या हातीं दिलें. आजीबाईंनीं एवढेंच विचारलें, “परत किती वाजतां आणाल?” त्यांनीं आठ सांगितलें, आणि आठाला दहा मिनिटें कमी असतां मुलगी दारांत उभी होती. पुढल्या वर्षीं परवानगी मागावयास जाण्याची जरूरच पडली नाहीं. आजीबाईंनीं सबंध संघापुरते लाडू बांधून दिले.

असे शिक्षक सर्वत्र मिळोत, ही इच्छा करणें सोपें आहे. पण ते मिळावे व टिकावे यासाठीं समाजानेंहि कांहीं करावयास हवें. शिक्षणहक्काचा जो कायदा २००९ सालीं झाला, त्याच्या परिशिष्टांत शाळेला मैदान असावें असें म्हटलें आहे, ही चांगली गोष्ट. परंतु सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं, तेहि शंभरांहून अधिक मुलें असतील तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला जो माणूस सांगितला आहे, तो ‘अंशकालीन’. मुलाचें शरीर दिवसभर त्याच्या बरोबर असतें. त्याची काळजी घेणारा मात्र अर्ध्या वेळेचा! कायद्याचें राहो, घरानें तरी त्याला पुरता माणूस मानावें.

यासाठीं वाचकांनीं फार कांहीं करावयाचें नाहीं. पालकसभेला गेल्यावर गणिताच्या शिक्षकाला भेटून झालें म्हणजे चार पावलें पुढें जाऊन व्यायामशिक्षकालाहि भेटावें. त्यांचें नांव विचारावें. माझें मूल रांगेंत कोठें उभें असतें व तेथें काय करतें, हें विचारावें. जानेवारींत व्यायामाचा तास दुसऱ्याला उसना दिला जात असेल तर त्याबद्दल मुख्याध्यापकांना नम्रपणें दोन ओळी लिहाव्या. आणि एखाद्या शनिवारीं सकाळीं वेळ काढून मैदानाच्या कडेला उभें राहून पाहावें. पुढच्या रांगेकडे पाहूं नये. ती सर्वत्र चांगलीच असते. शेवटच्या रांगेंतील मुलाला पाळी मिळाली कीं नाहीं, त्याला नांवानें हांक मारली कीं नाहीं, एवढें पाहावें. त्यावरून त्या शिक्षकाची परीक्षा होईल.

आणि घरीं आल्यावर मुलांना हुकूम सोडतांना आपणहि मध्यें क्षणभर थांबावें. आपल्यापैकीं बहुतेक वडीलधाऱ्यांना नुसतें ‘मूड’ म्हणण्याची संवय आहे. ‘दाहिने’ म्हणावयाचें बहुधा राहूनच जातें.